नाक्यावरची मोजदाद

नाका म्हटला की मोजदाद आलीच. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट क्षणभर अडवावी, मालाचा झाडा घ्यावा, जकात वसूल करावी, वहीत एक ओळ ओढावी आणि मगच पुढे सोडावे, असा नाक्यांचा जुना रिवाज. मुंबई महानगरपालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर बंद झाली. तरी शहरातील नाके नावाने का होईना, जागच्या जागी उभे आहेत. अंधेरी-कुर्ला रस्त्याला साकीविहार रस्ता जेथे येऊन मिळतो, त्या साकीनाक्यावर आज वाट अडवण्याचे काम वाहनांची गर्दीच परभारे करीत असते. परंतु त्या गर्दीच्या माथ्यावरून ८ जून २०१४ पासून धावणाऱ्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या स्थानकात मोजदाद मात्र अजून चोख चालते. प्रवासी आत शिरताना दार एक नोंद करते, बाहेर पडताना दुसरी; पहिल्या नोंदींतून दुसऱ्या वजा केल्या की या घटकेला आत किती माणसे आहेत हे, कोणाचेही डोके न मोजता, सांगता येते. ही वजाबाकी इतकी सरळ आहे की तिच्यात काही गोम असेल अशी शंकासुद्धा मनाला शिवत नाही. मला ती गोम उमगली ती स्थानकापासून थोड्याच अंतरावर असलेल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात, आणि मोजदाद होती ती संगणकात चालणाऱ्या एका क्षुल्लक प्रोग्रामची.

गाळा माझ्या एका स्नेह्यांचा. पत्रा कापून, दाबून, भोके पाडून त्याचे सुटे भाग करावेत आणि ते मोठ्या कारखान्यांना पुरवावेत, हा त्यांचा धंदा. बिले करण्यासाठी कोणा ओळखीच्या मनुष्याकडून लिहवून घेतलेला एक प्रोग्राम आणि ती बिले करणाऱ्या एक अनुभवी बाई, एवढा त्यांचा दप्तरखाना. एके सकाळी बाईंनी पडद्यावरच्या चिन्हावर नेहमीप्रमाणे दोनदा टिचकी मारली. यंत्र जुने, ते विचारात पडले. पडद्यावर काहीच उमटेना, म्हणून बाईंनी पुन्हा टिचकी मारली. आणि यथावकाश दोन्ही हुकमांची तामिली होऊन एकाच प्रोग्रामच्या दोन खिडक्या, एकीवर एक तंतोतंत बसलेल्या, उघडल्या. दोघींनीही उघडताना शेवटच्या बिलाचा क्रमांक वाचला होता ४१७. दुपारपर्यंत एका खिडकीतून बिल निघाले ४१८ क्रमांकाचे. जेवणाच्या सुट्टीनंतर चुकून दुसरी खिडकी समोर आली, आणि तिच्यातून निघालेल्या बिलाचा क्रमांकही ४१८. वस्तू व सेवा कराच्या नियमांप्रमाणे एका आर्थिक वर्षात बिलांचे क्रमांक ओळीने आणि एकमेवच असावे लागतात; तेव्हा दोन निरनिराळ्या गिऱ्हाइकांच्या हाती एकाच क्रमांकाची दोन बिले पडणे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. “मॅडम, एका नंबरची दोन बिलं कशी निघाली?” असे स्नेह्यांनी विचारले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, नंबर मी कुठे टाकते? तो आपोआप येतो.”

बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दोष असलाच तर त्या प्रोग्रामचा होता, कारण जागा होताक्षणी त्याने स्वतःशी एक प्रश्न विचारावयास हवा होता आणि तो विचारला नव्हता: या क्षणी माझी आणखी किती भावंडे येथे चालू आहेत?

हा प्रश्न सोडविण्यापूर्वी ‘भावंड’ म्हणजे काय ते ठरविणे भाग आहे. नाटकाच्या प्रेमात वाढलेल्या मराठी माणसाला ते समजावून सांगण्यास फारसे सायास पडू नयेत. संहिता वेगळी आणि प्रयोग वेगळा. संहिता कपाटात पडून असते; ती कोणाला हसवीत नाही की रडवीत नाही. प्रयोग मात्र अमुक दिवशी, अमुक वाजता, पार्ल्याच्या दीनानाथला किंवा मुलुंडच्या कालिदासला सुरू होतो, त्याला स्वतःचा रंगमंच लागतो, स्वतःचे नट लागतात, आणि पडदा पडला की तो संपतो. संगणकाच्या तबकडीवर साठविलेला प्रोग्राम ही संहिता. तो चालविला म्हणजे जे अवतरते त्याला प्रोसेस, किंवा आपण म्हणू प्रक्रिया, असे नाव आहे. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचा एकूण कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम, प्रत्येक प्रक्रियेला स्मृतीचा स्वतंत्र रंगमंच नेमून देते आणि तिच्या नावे एक क्रमांक आपल्या दप्तरात चढविते. तेव्हा प्रोग्रामच्या किती प्रती चालू आहेत असे आपण विचारतो, त्या वेळी या संहितेचे आजवर किती प्रयोग झाले हे आपल्याला विचारावयाचे नसते. या घटकेला किती नाट्यगृहांत तिचा पडदा वर आहे, एवढेच जाणून घ्यावयाचे असते.

एके काळी या प्रश्नाला उत्तरे दोनच होती: शून्य किंवा एक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातच बांधलेले टिफ्रॅक हे यंत्र १९६० मध्ये काम करू लागले, तेव्हा त्याची स्मृती होती अवघ्या २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द चाळीस बिटांचा. तेवढ्या ओसरीवर एका वेळी एकच पाहुणा बसावयाचा, आणि त्याचे काम आटोपल्यावाचून दुसऱ्याला उंबरठा ओलांडता यावयाचा नाही. पुढे स्मृती वाढली, एकाच यंत्राचा वेळ अनेकांमध्ये वाटून देण्याची युक्ती रूढ झाली, आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी आरंभिलेल्या युनिक्समध्ये तर एक प्रक्रिया आपलीच हुबेहूब प्रतिकृती जन्माला घालू शकते, हा कारभाराचा नित्याचा मार्गच ठरला. एकदा प्रती होऊ लागल्या की मोजणे आले.

प्रती हा शब्ददेखील जपून वापरावा लागतो. दहा ठिकाणी तोच प्रोग्राम चालू असला, तरी त्याच्या आज्ञांचा मजकूर स्मृतीत बहुधा एकदाच आणून ठेवलेला असतो आणि दहाही प्रक्रिया तो मिळून वाचतात. ज्याचे त्याला वेगळे मिळते ते बदलत्या आकड्यांसाठीचे कोरे पान. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या, सोळा बिटी विंडोजमध्ये तर हे सामाईकपण इतके होते की नव्याने सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या हाती प्रारंभीच एक चिठ्ठी पडे: तुझे आधीचे भावंड अमुक ठिकाणी आहे. चिठ्ठी कोरी असली तर समजावे की आपण थोरले. १९९३ च्या विंडोज एनटीपासून प्रत्येक प्रक्रियेचे बिऱ्हाड भक्कम भिंतींनी वेगळे झाले आणि त्या चिठ्ठीला अर्थ उरला नाही. पण प्रथा मोडू नये म्हणून आजतागायत ती प्रत्येक प्रोग्रामला दिली जाते, आणि ती सदैव कोरीच असते. सरकारी नमुन्यातील एखादा रकाना ज्याप्रमाणे कारण लोपल्यावरही छापला जातो, त्यातलाच हा प्रकार.

चिठ्ठी गेल्यावर उरला तो सरळ मार्ग खानेसुमारीचा. ऑपरेटिंग सिस्टीमपाशी चालू प्रक्रियांची यादी असतेच. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडला, किंवा युनिक्सच्या वंशातील यंत्रांवर पीएस ही दोन अक्षरी आज्ञा दिली, की ती समोर येते. त्या यादीत आपल्या नावाचे इसम किती ते मोजावे, आणि एकाहून अधिक निघाले तर आपण मुकाट्याने माघारी फिरावे. गाळ्यातील प्रोग्रामच्या कर्त्याने पहिली दुरुस्ती केली ती हीच.

खानेसुमारीचे दोष मात्र ज्यांनी ती कधी केली आहे त्यांना ठाऊक असतात. नावावरून माणूस ओळखावा तर एका गावात एकाच नावाचे चार इसम निघतात, आणि एकच इसम दोन गावांत दोन नावांनी नांदतो. प्रोग्रामच्या फाईलचे नाव कोणी हौसेने बदलून ‘बिल नवीन’ असे ठेवले की तो यादीत परका ठरतो. उलट भलताच प्रोग्राम आपले नाव धारण करून बसला असेल, तर त्याची गणना आपल्यात होते. शिवाय एक कुटुंब म्हणजे एक मनुष्य असेही नाही. २००८ मध्ये गूगलने क्रोम हा ब्राउझर आणला तो प्रत्येक पानाचे काम शक्यतो वेगळ्या प्रक्रियेकडे सोपविण्याच्या धोरणाने, म्हणजे एखादे पान कोसळले तरी बाकीची उभी राहावीत. त्यामुळे पडद्यावर खिडकी दिसते एकच, आणि यादीत नोंदी सापडतात डझनभर. त्या खिडकीला एक प्रत म्हणावे की बारा, याचा निवाडा यादी करीत नाही. तो मोजणाऱ्याने, कशासाठी मोजतो आहोत हे स्मरून, आधीच करावयाचा असतो.

याहून सूक्ष्म आणि याहून घातक दोष आहे तो काळाचा. यादी पाहणे ही एक क्रिया आणि स्वतःचे नाव चालू म्हणून गाजविणे ही दुसरी, या दोहोंमध्ये निमिषार्धाची का होईना फट राहते. दोन भावंडे एकाच क्षणी जागी झाली, दोघांनी एकाच क्षणी अंगणात डोकावून पाहिले, तर ‘अद्याप कोणी आलेले नाही’ असा दोघांचाही प्रामाणिक ग्रह होतो आणि दोघेही आत शिरतात. किंवा, प्रोग्रामच्या कर्त्याने तपासणी जरा उशिरा ठेवली असेल, तर दोघांनाही दुसरा दिसतो आणि सौजन्याने दोघेही परत फिरतात, मग पडद्यावर काहीच उघडत नाही. संगणकासारख्या सेकंदात अब्जावधी क्रिया करणाऱ्या यंत्रात निमिषार्ध हा मोठाच अवकाश. आमच्या बाईंच्या दोन टिचक्या नेमक्या अशाच फटीत कधीतरी पडावयाच्या. त्या प्रत्यही पडत नाहीत, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पडतात, आणि म्हणूनच असला दोष पकडला जात नाही.

पाहणे आणि धरणे या दोन क्रिया एकाच झटक्यात व्हाव्यात, याची युक्ती एस.टी.ने प्रवास करणाऱ्या कोणाही माणसाला माहीत आहे. फलाटाला गाडी लागते न लागते तोच खिडकीतून आत रुमाल टाकावयाचा. रुमाल पडला ती जागा धरली गेली. आधीच दुसऱ्याचा रुमाल पडलेला असेल तर वाद न घालता दुसरी खिडकी गाठावयाची. प्रोग्रामांच्या जगात या रुमालाला लॉक फाईल म्हणतात. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या नावाची एक छोटी फाईल निर्माण करण्याचा हुकूम द्यावयाचा, आणि तो अशा शर्तीवर की त्या नावाची फाईल आधीच असेल तर हुकूम निष्फळ व्हावा. पाहणे वेगळे उरतच नाही. टाकणे हेच पाहणे होते. वर्डमध्ये एखादा मजकूर उघडला की त्याच्या शेजारी एक लपलेली फाईल उमटते आणि तिच्यात उघडणाऱ्याचे नाव असते, तो हाच रुमाल. दुसऱ्याने तोच मजकूर उघडू पाहिला की ‘अमक्याने तो घेतला आहे’ असे त्याला सांगता यावे, एवढ्यासाठी तो टाकलेला असतो.

गाळ्यातील प्रोग्रामला कर्त्याने रुमाल दिला, आणि पंधरवडाभर सर्व सुरळीत चालले. मग एके संध्याकाळी इस्टेटची वीज गेली. प्रोग्राम चालू असतानाच यंत्र काळेठिक्कर पडले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी टिचकी मारली तेव्हा त्याने अदबीने कळविले की प्रोग्राम आधीच उघडलेला आहे. यंत्र तर आताच सुरू झाले होते. उघडलेला होता तो कालचा, आणि तो तर विजेबरोबर गतप्राण झाला होता. मात्र जाताना रुमाल उचलण्यास त्याला सवड मिळाली नव्हती. प्रवासी वाटेत उतरून गेला आणि रुमाल आसनावर तसाच राहिला. उभे असलेले प्रवासी त्या रुमालाचा मान राखून उभेच राहिले.

वजाबाकीतील गोम म्हणतात ती हीच. जन्म नोंदविणे सोपे असते, कारण जो जन्मतो तो हजर असतो आणि नोंदीत त्याचा स्वार्थ असतो. मृत्यू नोंदविण्याचे काम मात्र मरणाऱ्यावर सोपविता येत नाही. जो प्रोग्राम रीतसर बंद होतो तो आपली फाईल पुसून जातो. परंतु जो अपघाताने जातो त्याची नोंदच चुकते, आणि अपघात हाच तर नोंदीची गरज भासण्याचा प्रसंग. आमच्या गावच्या दप्तरी जन्ममृत्यूची वर्दी घरच्या माणसाने द्यावयाची असते, हयात नसलेल्याने नव्हे, ही गोष्ट १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम करणाऱ्यांना सांगावी लागली नसेल. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना मात्र ती ठेच खाऊनच कळते.

यावर एक उपाय सुचतो तो असा, की रुमालावर आपले नाव घालावे. म्हणजे फाईलमध्ये आपल्या प्रक्रियेचा क्रमांक लिहून ठेवावा. पुढे येणाऱ्याने तो वाचावा, त्या क्रमांकाचा इसम हयात आहे काय अशी ऑपरेटिंग सिस्टीमकडे रुजुवात करावी, आणि नसल्यास बेवारस रुमाल बाजूला सारून स्वतः बसावे. उपाय बरा आहे, निर्दोष नाही. कारण क्रमांक हे अक्षय भांडार नव्हे. लिनक्समध्ये परंपरेने ते ३२,७६७ पर्यंत जाऊन पुन्हा खालून सुरू होतात, आणि विंडोजही मृतांचे क्रमांक नवजातांना देते. तेव्हा काल मेलेल्या बिलाच्या प्रोग्रामचा क्रमांक आज घड्याळ दाखविणाऱ्या एखाद्या प्रोग्रामला मिळालेला असावा, आणि रुजुवात करणाऱ्याला ‘होय, हा इसम हयात आहे’ असे खरे परंतु दिशाभूल करणारे उत्तर मिळावे, असा योग येतो. सबब क्रमांकाबरोबर जन्माची वेळही लिहून ठेवावी, म्हणजे क्रमांक सारखा असला तरी जन्मवेळ जुळत नाही हे ध्यानी येते.

खरा उपाय मात्र नोंदवही त्याच्याच हाती ठेवण्याचा, जो कोणाही प्रक्रियेच्या आधी जन्मतो आणि कोणाहीनंतर मरतो. असा एकच आहे: ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोग्राम कोसळो, गोठो, की कोणी बळाने त्याचा गळा दाबो, त्याच्या पश्चात त्याची स्मृती परत घेणे, उघड्या फाईली मिटणे आणि हातातील सर्व किल्ल्या काढून घेणे हे काम गाभ्याला करावेच लागते; एरवी कारभारच चालावयाचा नाही. विंडोजमध्ये प्रोग्रामने गाभ्यापाशी जाऊन म्युटेक्स नावाची एक वस्तू ठरावीक नावाने मागावयाची. त्या नावाची वस्तू नसेल तर गाभा ती तेथल्या तेथे निर्माण करून देतो. असेल तर आहे तिचीच किल्ली देतो, आणि सोबत १८३ या क्रमांकाचा शेरा मारतो, ज्याचा अर्थ ‘ही आधीपासूनच आहे’. पाहणे आणि धरणे येथेही एकाच क्रियेत होते. आणि शेवटचा किल्लीदार कोणत्याही मार्गाने दिवंगत झाला की वस्तूही आपोआप नाहीशी होते. वीज गेली तर गाभाही जातो, पण त्याबरोबर त्याची वहीही जाते, आणि सकाळी कोऱ्या पानावर सुरुवात होते. एसटीच्या भाषेत, रुमालाचा कारभार बंद करून जागा कंडक्टरच्या हाती दिली. कोण चढले हे त्याला कळते, आणि कोण उतरले हेही.

म्युटेक्स या शब्दाच्या मागे परस्परवर्जन, म्हणजे एक आत असता दुसऱ्याला मज्जाव, ही कल्पना आहे, आणि रेल्वेला ती संगणकाच्या कितीतरी आधीपासून अवगत होती. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून वेताच्या कड्यात अडकविलेला टोकनचा गोळा चालकाच्या हाती देत, आणि तो हाती असल्यावाचून पुढच्या टप्प्यात शिरण्याची मुभा नसे. हॉलंडचे संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशाच एका साधनाला नाव दिले ते सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हात पडणारा जुना सिग्नल. त्यांच्या सेमाफोरने मोजताही येते: आरंभी त्यात पाच असा आकडा ठेवावा, आत जाणाऱ्याने एक उणा करावा, बाहेर येणाऱ्याने एक मिळवावा, आणि शून्य झाल्यावर पुढच्याने थांबावे. किती प्रती चालू आहेत हे विचारण्यास याहून सोईस्कर काय असणार?

आणि तरीही येथे एक खड्डा आहे, ज्यात चांगले जाणते लोक पडतात. म्युटेक्सला धनी असतो. तो धरून बसलेला धनी मेला तर गाभा पुढच्याला सांगतो, की ही वस्तू तुला मिळत आहे खरी, पण ती बेवारस स्थितीत सापडली आहे, तेव्हा आतला माल तपासून घे. सेमाफोरला धनी नसतो. तो केवळ एक आकडा. कोणी उणा केला याची त्यात नोंद नाही, म्हणून उणा करणारा आतच मेला तर विंडोजचा गाभाही तो परत मिळवून देत नाही. पाचांपैकी तिघे वीज न जाताच कोसळले की आत दोघेच उरले असूनही एकही जागा शिल्लक नसल्याचे भासते. यासाठी अनुभवी माणसे एका आकड्याऐवजी आसनक्रमांक वापरतात: एक, दोन, तीन, चार, पाच अशा नावांचे पाच म्युटेक्स ठेवावयाचे, येणाऱ्याने ओळीने प्रयत्न करीत पहिले मोकळे आसन धरावयाचे, आणि मोजणाऱ्याने भरलेली आसने मोजावयाची. आकड्यात हरविलेला मनुष्य सापडत नाही, आसनावरचा सापडतो.

नावाची हद्दही ठरवून घ्यावी लागते. एका मोठ्या संगणकावर दूरदूरच्या टेबलांवरून दहा जण एकाच वेळी काम करीत असतील, तर विंडोजमध्ये प्रत्येकाचा सुभा वेगळा असतो. ‘लोकल’ या उपसर्गाने धरलेले नाव त्या सुभ्यापुरते, आणि ‘ग्लोबल’ या उपसर्गाने धरलेले नाव सबंध यंत्राला लागू. हे ध्यानात न घेता मोजले की प्रत्येक सुभेदार प्रामाणिकपणे ‘एकच’ म्हणून कळवितो आणि यंत्रावर दहा चालू असतात. युनिक्सच्या दप्तरात याहून चमत्कारिक नोंदी आढळतात. तेथे मूल मेले की त्याच्या मरणाचा दाखला जन्मदात्या प्रक्रियेने उचलावयाचा असतो. तो उचलीपर्यंत मृताचे नाव यादीत राहते, आणि अशा नोंदीला त्या मंडळींनी झॉम्बी, म्हणजे भूत, असेच नाव दिले आहे. भूत वेळ खात नाही, स्मृती अडवीत नाही, केवळ यादीतील एक ओळ अडवून बसते. पण कोणी डोकी मोजू लागला की तेही मोजले जाते. जन्मदाताच आधी गेला, तर पोरक्या मुलांचे पालकत्व सामान्यतः क्रमांक एकच्या प्रक्रियेकडे जाते, आणि त्यांचे दाखले उचलणे हे तिचे एक नेमून दिलेले कामच आहे.

गाळ्याची कथा म्युटेक्सपाशी संपली असती. परंतु धंदा वाढला, माळ्यावर दुसरा संगणक आला, आणि दोन्ही यंत्रे तारेने जोडून एकाच खतावणीवर काम करू लागली. आता एका यंत्राचा गाभा दुसऱ्या यंत्रातील जन्ममृत्यू जाणत नाही. मोठ्या अभियांत्रिकी कचेऱ्यांना हा पेच जुना आहे: नकाशे काढण्याचा महागडा प्रोग्राम बारा यंत्रांवर बसविलेला, परवाने मात्र पाच, आणि ते ज्याला लागतील त्याला द्यावयाचे. त्यासाठी एका यंत्रावर परवान्यांचा अंमलदार बसवितात. प्रोग्राम उघडताना परवाना मागून घेतो, मिटताना परत करतो. आणि मध्येच कोणी नाहीसा झाला तर कळावे म्हणून प्रत्येकाने ठरावीक अंतराने ‘मी आहे’ अशी हाक द्यावयाची असते. हाक थांबली तर? तो मेला असेल. किंवा तार निखळली असेल, आणि तो पलीकडे ठणठणीत जिवंत असून आपलीच हाक पोचली नाही म्हणून कुढत असेल. अंमलदाराच्या खुर्चीवरून या दोन गोष्टींत भेद करण्याचा काहीही मार्ग नाही. १९८९ मध्ये कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन या स्टॅनफर्डच्या दोघा संशोधकांनी असल्या प्रसंगासाठी जी तोड मांडली तिला आपल्या जुन्या महसुली भाषेत चपखल शब्द आहे: मुदतबंद मक्ता. परवाना द्यावयाचा तो दहा मिनिटांचा. वेळेत नूतनीकरण झाले तर पुढे, न झाले तर मुदत संपताच तो आपोआप सरकारजमा, आणि मक्तेदारानेही मुदत टळल्यावर स्वतःहून हात थांबवावयाचे. मरण सिद्ध करण्याची गरजच उरत नाही. किंमत एवढीच, की अंमलदाराची मोजदाद मुदतीइतकी शिळी असू शकते.

परवान्यांच्या मोजदादीत पैसा गुंतलेला असल्याने तेथे केवळ शहाणपण पुरत नाही, कायदाही लागतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात संगणकाचे प्रोग्राम आले ते १९८४ च्या दुरुस्तीने. आणि १९९४ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६३ ब अन्वये चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाराला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. त्या काळी छपाईच्या अक्षरजुळणीचे काम करणाऱ्या दुकानांतून संगणकाच्या पाठीशी एक ठेंगणे खोके खोचलेले दिसे. ते होते हार्डवेअर लॉक. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीबरोबरही असे लॉक येत असे. प्रोग्रामच्या शंभर नकला करता येतात, त्या खोक्याची करता येत नाही. तेव्हा खोकी मोजली की प्रती मोजल्या गेल्या, हा हिशेब ओबडधोबड खरा, पण वीज जावो की यंत्र कोसळो, तो कधी चुकत नसे.

माळ्यावरचा संगणक आल्यावर गाळ्यातील प्रोग्रामच्या कर्त्याने अखेरीस प्रती मोजण्याचा नाद सोडला, आणि मला वाटते त्याने शहाणपणाच केला. खिडक्या दोन उघडा की चार. बिलाचा पुढचा क्रमांक आता कोणतीही खिडकी उघडताना वाचून ठेवीत नाही. बिल पक्के करतेवेळी ती खतावणी सांभाळणाऱ्या एकाच प्रक्रियेकडे तो मागते, आणि ती प्रक्रिया देणे आणि वाढविणे ही दोन्ही कामे एका झटक्यात, कुलपाच्या आत उरकते. क्रमांक घेऊन एखादी खिडकी वाटेतच कोसळली तर तेवढा क्रमांक रिकामा राहतो, आणि तो का रिकामा राहिला हे मात्र कोणा माणसाला वहीत लिहून ठेवावे लागते.

त्या पहिल्या घोटाळ्याची खूण अद्याप गाळ्यात आहे. त्या वर्षाच्या बिलांच्या फाईलमध्ये ४१७ च्या पाठोपाठ ४१८ क्रमांकाची दोन बिले ओळीने लावलेली आहेत. दुसऱ्या बिलावर बाईंनी तांबड्या शाईने तिरपी रेघ ओढली आहे, तिच्यावर ‘रद्द’ असा शब्द लिहून खाली तारीख घातली आहे, आणि तारखेखाली सही केली आहे.